सौम्य स्वर, ठाम बोल

आपले म्हणणे लोकांनी ऐकावे असे वाटत असेल, तर मोठ्याने बोलावेच लागते का? पुष्कळांची तशी समजूत असते. बाजारात विक्रेता ओरडतो, सभेत वक्ता ओरडतो, भांडणात तर दोन्ही बाजूंचे लोक ओरडतात. पण ज्याचा आवाजच मुळात बारीक आणि कोमल आहे, त्याने काय करावे? त्याने गप्प बसावे काय?

आज आपण अमेरिकेतील अशाच एका गायकाची ओळख करून घेणार आहोत. त्यांचा आवाज आयुष्यभर हळुवार राहिला. तरीही त्यांची गीते लाखो लोकांच्या ओठांवर आली. अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांना त्या गीतांनी बळ दिले. पुढे एका अपघातात त्यांचे हातपाय कायमचे निकामी झाले, पण त्यांचा स्वर मात्र थांबला नाही. या गायकाचे नाव कर्टिस मेफिल्ड. ते गीतकार, संगीतकार आणि गिटारवादकही होते. सोल आणि फंक या दोन संगीतप्रकारांच्या आरंभीच्या शिल्पकारांत त्यांची गणना होते.

सोल म्हणजे काय, ते आधी पाहू. सोल या इंग्रजी शब्दाचा अर्थ आत्मा. उर्दूत आपण त्याला रूह म्हणतो. तुम्ही कव्वाली ऐकली असेल. मुख्य कव्वाल एक ओळ गातो. साथीदार ती ओळ उचलून धरतात. टाळ्यांचा ठेका चालू असतो आणि ऐकणारे हळूहळू रंगून जातात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांच्या चर्चमध्येही भक्तिगीते काहीशी अशाच रीतीने गातात. त्या भक्तिगीतांना गॉस्पेल म्हणतात. १९५० नंतरच्या काळात काही गायकांनी गॉस्पेलची ही आर्तता रोजच्या जीवनातील सुखदुःखांच्या गाण्यांत आणली. त्यातून सोल संगीताचा जन्म झाला.

कर्टिस यांचा जन्म ३ जून १९४२ रोजी शिकागो या मोठ्या शहरात झाला. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना पूर्वी गुलाम म्हणून राबवले जात असे. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली, पण अपमान बंद झाला नाही. शाळा वेगळ्या, बसमधील बाके वेगळी, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. या जाचाला कंटाळून आणि कामाच्या शोधात लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील शहरांत आली. शिकागो हे त्यांपैकीच एक शहर होते. तेथे गिरण्या व कारखान्यांत काम मिळे. परंतु राहायला जागा मिळे ती गरीब आणि गर्दीच्या वस्तीत.

कर्टिस पाच वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. आईवर, मॅरियनवर, पाच मुलांची जबाबदारी पडली. कर्टिस सर्वांत मोठा. घरात पैसा नव्हता. राहण्याची जागा वरचेवर बदलावी लागे. शेवटी हे कुटुंब काब्रिनी-ग्रीन नावाच्या सरकारी वसाहतीत राहू लागले. या वसाहतीचे नाव पुढे गरिबी आणि गुन्हेगारीसाठी साऱ्या अमेरिकेत कुप्रसिद्ध झाले.

पण त्या घरात दोन गोष्टींची कमतरता नव्हती. एक म्हणजे कविता आणि दुसरी म्हणजे भक्तिगीते. आईला वाचनाची आवड होती. ती मुलांना कविता म्हणून दाखवी. तिनेच कर्टिसला पियानोवर बोटे ठेवायला शिकवले. आजी धर्मोपदेशक होती. ती आपल्या छोट्याशा चर्चमध्ये प्रवचन करी. सात वर्षांचा कर्टिस तेथे मुलांच्या गायकवृंदात उभा राहून गाऊ लागला. शब्दाला वजन असते हे त्याला आईकडून समजले. सूर मनाला धीर देतो हे त्याला आजीच्या चर्चमध्ये कळले. पुढे त्याने जे काही लिहिले, त्याचे मूळ या दोन बायकांच्या शिकवणीत आहे.

दहा वर्षांच्या सुमारास कर्टिसच्या हाती गिटार आली. ती त्याला इतकी प्रिय होती, की रात्री झोपतानाही तो ती जवळ घेई. गिटार शिकवणारे कोणी नव्हते. शिकवणीसाठी पैसेही नव्हते. मग त्याने काय केले? पियानोच्या काळ्या पट्ट्या त्याच्या सवयीच्या होत्या. आपल्याकडील बाजाच्या पेटीतही तशा काळ्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांचे सूर कानात धरून त्याने गिटारच्या तारा जुळवल्या. जगातील बहुतेक वादक गिटार एका ठरावीक पद्धतीने जुळवतात. कर्टिसची पद्धत त्याहून अगदी वेगळी होती. आपण काही निराळे करत आहोत, हे त्याला ठाऊकही नव्हते. पुढे कळले, तेव्हाही त्याने ती बदलली नाही. त्यामुळे त्यांची गिटार दुसऱ्या कोणी हातात घेतली, तर त्याला ती वाजवता येत नसे. त्यांच्या गिटारचा नाद लाखांत ओळखू येई, त्याचे हे एक कारण होय.

चर्चमध्ये कर्टिसची जेरी बटलर या मुलाशी मैत्री झाली होती. जेरी त्याच्यापेक्षा थोडा मोठा होता. त्याचा आवाज भरदार होता. जेरीने कर्टिसला आपल्या गायकांच्या मंडळीत ओढले. काही दिवसांनी या मंडळीने आपले नाव द इम्प्रेशन्स असे ठेवले. १९५८ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती गाजली. कर्टिस तेव्हा अवघा सोळा वर्षांचा होता. त्याने शाळा मध्येच सोडली होती. मुलांनो, त्यात अनुकरण करण्यासारखे काही नाही. घरची गरज मोठी होती आणि गाण्याची संधी दारात उभी होती. त्याने ती घेतली, एवढेच.

पण या यशातच एक अडचण लपलेली होती. ध्वनिमुद्रिकेवर कंपनीने जेरीचे नाव ठळकपणे वेगळे छापले. बाकीच्यांना ते रुचले नाही. थोड्याच दिवसांत जेरी मंडळी सोडून स्वतंत्रपणे गाऊ लागला. प्रमुख गायकच गेला, म्हणून लोकांनी इम्प्रेशन्सकडे पाठ फिरवली. कर्टिसच्या मनात त्याने कडवटपणा धरला नाही. उलट तो जेरीच्याच कार्यक्रमांत गिटार वाजवू लागला आणि त्याच्यासाठी गीते रचू लागला. १९६० साली दोघांच्या सहकार्याने तयार झालेले एक गीत खूप लोकप्रिय झाले. या कामातून मिळालेले पैसे कर्टिसने उडवले नाहीत. ते साठवले. पुरेसे पैसे जमताच त्याने विखुरलेल्या साथीदारांना पुन्हा एकत्र केले आणि न्यूयॉर्कला जाऊन ध्वनिमुद्रण केले. १९६१ मध्ये आलेल्या 'जिप्सी वुमन' या गीताने इम्प्रेशन्सचे नाव पुन्हा लोकांसमोर आले. आता प्रमुख गायक होता तो कर्टिस. त्याचा आवाज जेरीसारखा भारदस्त नव्हता. तो वरच्या पट्टीतला, पातळ आणि कोमल होता. मोठ्या आवाजाची नक्कल करण्याचा प्रयत्न त्याने केला नाही. आपल्या स्वराला शोभेल असे गाणे त्याने स्वतःच रचले.

पुढील काही वर्षांत इम्प्रेशन्समध्ये तिघेच राहिले. कर्टिस मेफिल्ड, सॅम गुडन आणि फ्रेड कॅश. तिघे एक एक ओळ वाटून घेत आणि पुन्हा एकत्र येत. या गायनपद्धतीचा प्रभाव दूरवर पसरला. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर बॉब मार्ली आणि त्यांचे तरुण साथीदार इम्प्रेशन्सची गाणी ऐकून गायला शिकत होते. पुढे मार्ली जगप्रसिद्ध झाले. १९७७ साली त्यांनी आपल्या एका गाजलेल्या गीतात मेफिल्ड यांच्या गीताचा भाग घेतला, तेव्हा त्याच्या नावात मेफिल्ड यांच्या गीताचे नावही जोडले गेले.

आता त्या काळाकडे वळू. अमेरिकेत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांचा हक्कांसाठी लढा चालू होता. डॉ. किंग यांनी महात्मा गांधींचा अहिंसेचा मार्ग स्वीकारला होता. १९५९ साली ते भारतातही येऊन गेले होते. या लढ्यातील लोक शस्त्र न घेता मोर्चे काढत. पोलिसांच्या लाठ्या पडत, अंगावर कुत्रे सोडले जात, तुरुंगात जावे लागे. अशा वेळी माणसाला धीर कोण देणार? लोक हातात हात घालून गात असत. गाणे हीच त्यांची ढाल होती.

गाणाऱ्या लोकांच्या ओठांवर मेफिल्ड यांची गीते येऊ लागली. १९६४ मध्ये त्यांनी 'कीप ऑन पुशिंग' हे गीत रचले. अडथळे आले तरी पुढे जात राहावे, असा त्याचा आशय. १९६५ मध्ये 'पीपल गेट रेडी' हे गीत आले. त्यात एका येणाऱ्या आगगाडीचे रूपक आहे. ही आगगाडी सर्वांना मुक्तीकडे घेऊन जाणारी आहे. गुलामगिरीच्या काळापासून कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांत आगगाडी हे सुटकेचे चिन्ह मानले जाई. आजीच्या चर्चमध्ये ऐकलेले तेच चिन्ह मेफिल्ड यांनी नव्या काळासाठी वापरले. या गीतात शिवी नाही, धमकी नाही, कोणाचा द्वेष नाही. ते जवळजवळ प्रार्थनेसारखे आहे. तरी ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ अचूक कळे. तयार राहा, दिवस बदलणार आहेत, एवढेच ते सांगत होते. त्या वेळी मेफिल्ड यांचे वय होते तेवीस वर्षांच्या आत.

१९६७ च्या अखेरीस त्यांनी आणखी स्पष्ट बोलायचे ठरवले. 'वी आर अ विनर' या गीतात त्यांनी आपल्या लोकांना सांगितले, की आपण हरलेले नाही, आपण जिंकणारे आहोत. आज हे वाक्य अगदी साधे वाटते. पण त्या दिवसांत कृष्णवर्णीयांनी असे उघडपणे म्हणणे काही लोकांना सहन झाले नाही. काही नभोवाणी केंद्रांनी हे गीत लावण्यास नकार दिला. तरीही कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडत्या गीतांच्या यादीत ते १९६८ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी ४ एप्रिलला डॉ. किंग यांची हत्या झाली. शिकागोसह अनेक शहरे पेटली. अशा काळात लोकांना हे गीत फार मोलाचे वाटले.

मुलांनो, मेफिल्ड यांनी आणखी एक काम केले. ते गाण्याइतकेच महत्त्वाचे आहे, पण त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. त्या काळी गीत रचणारा एक आणि त्याच्यावर पैसा मिळवणारा दुसरा, असा प्रकार सर्रास चाले. गीताचे प्रकाशनहक्क कंपनीकडे जात. गीत हजारो वेळा वाजले, तरी त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा कंपनीलाच मिळे. अनेक गुणी कृष्णवर्णीय कलावंतांनी आपली गीते थोड्याशा पैशांत विकून टाकली आणि म्हातारपणी हलाखीत दिवस काढले. आपल्याकडे कसेल त्याची जमीन हे तत्त्व सांगितले जाते. मग जो गीत रचतो, त्याचेच गीत का असू नये?

मेफिल्ड यांनी हा प्रश्न वयाच्या विशीतच ओळखला. शाळा अर्धवट सुटलेल्या या तरुणाने हक्कांची नोंद कशी करतात, करार कसे वाचतात, याची माहिती करून घेतली. एडी टॉमस हे त्यांचे व्यवस्थापक होते. दोघांनी मिळून प्रकाशनसंस्था काढली. कर्टिसमधील कर्ट आणि टॉमसमधील टॉम घेऊन तिचे नाव कर्टम ठेवले. १९६८ मध्ये त्याच नावाची ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनीही सुरू झाली. आता गीत त्यांचे, ध्वनिमुद्रण त्यांचे आणि हक्कही त्यांचेच. कृष्णवर्णीय संगीतकाराने स्वतःची कंपनी चालवावी, ही त्या वेळी दुर्मीळ गोष्ट होती. स्वाभिमानाची गीते गाणारा माणूस आपल्या व्यवहारातही कोणाचा मिंधा राहिला नाही.

१९७० मध्ये मेफिल्ड इम्प्रेशन्समधून बाहेर पडले. 'कर्टिस' नावाची त्यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली. तिच्यातील संगीत आधीच्या संगीतापेक्षा वेगळे होते. येथे आपल्याला फंक या शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे. फंकमध्ये सुरापेक्षा ठेक्याला अधिक महत्त्व असते. या प्रकाराचा पाया जेम्स ब्राउन या गायकाने १९६५ च्या सुमारास घातला. मालेगाव किंवा भिवंडीच्या मुलांना यंत्रमागाचा खडखडाट ओळखीचा आहे. तो खडखडाट एका लयीत चालतो. उभे आणि आडवे धागे एकमेकांत गुंततात आणि त्यांतून कापड तयार होते. फंकमध्येही तसेच घडते. ढोल एक छोटा तुकडा वाजवतो, खर्जाची गिटार दुसरा, साधी गिटार तिसरा. प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि सारे मिळून एक घट्ट वीण तयार होते. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप ठेका धरतात.

मेफिल्ड यांनी या घट्ट विणीवर व्हायोलिन, कर्णे आणि हार्पचे मुलायम सूर पसरले. हाताने वाजवायचे कोंगा नावाचे ढोल त्यांनी जोडीला घेतले. आणि या सगळ्याच्या वर त्यांचा तोच हळुवार आवाज ठेवला. ठेका जोरकस आणि स्वर कोमल, असा हा मेळ पूर्वी फारसा कोणी साधला नव्हता. शब्द मात्र अधिक कडक झाले. वस्तीतील गरिबी, वर्णद्वेष, एकमेकांविषयीचा संशय यांवर ते थेट लिहू लागले. त्याच ध्वनिमुद्रिकेतील 'मूव्ह ऑन अप' हे गीत मात्र तरुणांना उमेद देणारे आहे. ते आजही जगभर ऐकले जाते.

१९७२ मध्ये त्यांच्यापुढे एक कठीण प्रसंग आला. 'सुपर फ्लाय' नावाच्या चित्रपटाचे संगीत त्यांच्याकडे होते. चित्रपटाचा नायक कोकेन हा मादक पदार्थ विकणारा. त्याचे कपडे भारी, मोटार भारी, ऐट भारी. चित्रपट पाहून या घातक धंद्याची जाहिरातच होते आहे, असे मेफिल्ड यांना वाटले. असे धंदे त्यांनी काब्रिनी-ग्रीनमध्ये जवळून पाहिले होते. मादक पदार्थ विकणाऱ्याचे काय होते आणि घेणाऱ्याचे काय होते, हे त्यांना माहीत होते. मग त्यांनी काय करावे? काम सोडून देणे सोपे होते. त्यांनी ते सोडले नाही. त्यांनी गीतांतून चित्रपटालाच उत्तर दिले.

चित्रपटात फ्रेडी नावाचे एक दुबळे पात्र आहे. या धंद्यात वापरला गेलेला आणि शेवटी मेलेला माणूस. चित्रपट त्याच्याजवळ फार वेळ थांबत नाही. मेफिल्ड थांबले. त्यांनी त्याच्या मृत्यूवर पूर्ण गीत रचले. चित्रपटात त्या गीताची फक्त धून वाजते, शब्द नाहीत. पण ध्वनिमुद्रिका घरोघर गेली आणि शब्द सर्वांनी ऐकले. चमकदार कपड्यांच्या आड काय आहे, ते या शब्दांनी दाखवले. ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत पहिल्या क्रमांकावर चार आठवडे राहिली. तिच्यातील दोन गीतांच्या प्रत्येकी दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. फंक संगीतातील सर्वोत्तम कृतींमध्ये तिचा आजही उल्लेख होतो.

यानंतर त्यांनी अनेक चित्रपटांना संगीत दिले. १९७४ च्या 'क्लॉडीन' या चित्रपटात एकटी आई सहा मुलांना वाढवते, अशी कथा आहे. त्याची गीते मेफिल्ड यांनी लिहिली आणि ग्लॅडिस नाइट व त्यांच्या साथीदारांनी गायली. आपल्या आईचे कष्ट ज्याने पाहिले, त्याला हे काम परके वाटले नसेल. १९७६ मध्ये 'स्पार्कल' या चित्रपटासाठी लिहिलेली त्यांची गीते अरीथा फ्रँकलिन या थोर गायिकेने ध्वनिमुद्रित केली.

परंतु दिवस सारखे राहत नाहीत. १९७५ नंतर डिस्को नावाच्या नाचगाण्याची लाट आली. मेफिल्ड यांच्या ध्वनिमुद्रिकांचा खप कमी झाला. १९८० मध्ये कर्टम कंपनी बंद करावी लागली. ते शिकागो सोडून कुटुंबासह अटलांटा शहराकडे राहायला गेले. अमेरिकेबाहेर युरोप आणि जपानमध्ये त्यांचे चाहते होते. तेथे ते कार्यक्रम करत राहिले.

१३ ऑगस्ट १९९० हा दिवस उजाडला. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात एका मैदानावर कार्यक्रम होता. हजारो लोक जमले होते. आभाळ भरून आले होते. मेफिल्ड गिटार घेऊन मंचावर आले आणि त्याच क्षणी वादळी वारा सुटला. मंचावरील दिव्यांचा जड सांगाडा कोसळला आणि त्यांच्यावर पडला. मानेची हाडे मोडली. प्राण वाचले, पण मानेखालचे सारे शरीर निर्जीव झाले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. जिला उशाशी घेऊन ते लहानपणी झोपत, ती गिटार आता त्यांना पुन्हा कधीही वाजवता येणार नव्हती.

गाणे म्हणजे श्वास. छातीचे आणि पोटाचे स्नायू श्वास रोखून धरतात, तेव्हाच सूर टिकतो. मेफिल्ड यांचे ते स्नायू काम करत नव्हते. खुर्चीत बसवले, की बोलण्यापुरताच श्वास मिळे. काही वर्षे अशीच गेली. लोक त्यांना विसरले नव्हते. १९९४ मध्ये स्टीव्ही वंडर, अरीथा फ्रँकलिन यांच्यासारख्या अनेक नामवंतांनी त्यांची गीते गाऊन एक ध्वनिमुद्रिका काढली. त्याच वर्षी त्यांना ग्रॅमी संस्थेचा मोठा सन्मान मिळाला. पण सन्मान म्हणजे गाणे नव्हे. त्यांना स्वतः गायचे होते.

मग त्यांना एक गोष्ट लक्षात आली. पाठीवर सपाट निजले, म्हणजे श्वास थोडा जास्त भरता येतो. तेवढ्या श्वासात एक ओळ गाता येते. बस्, एवढेच पुरे झाले. ते निजून गाऊ लागले. एक ओळ गायची, थांबायचे, विसावा घ्यायचा, मग दुसरी ओळ. एका गीताला किती वेळ लागला असेल, विचार करा. तंत्रज्ञांनी त्या ओळी एकापुढे एक जोडल्या. अशा रीतीने १९९६ मध्ये 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' ही ध्वनिमुद्रिका पूर्ण झाली. ऐकणाऱ्याला ओळींमधील सांधे दिसत नाहीत. तोच बारीक, कोमल स्वर कानी पडतो. त्यात रडगाणे नाही. उद्याविषयीची आशा आहे.

त्यानंतर मधुमेहाने त्यांना ग्रासले. १९९८ मध्ये त्यांचा उजवा पाय कापावा लागला. २६ डिसेंबर १९९९ रोजी अटलांटाजवळच्या रॉसवेल गावातील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ते सत्तावन्न वर्षांचे होते.

त्यांची गीते मागे राहिली. जगातील अनेक भाषांच्या, अनेक धर्मांच्या लोकांनी ती गायली आहेत. पुढच्या पिढीतील तरुण गायकांनी त्यांच्या संगीताचे तुकडे घेऊन नवी गीते बांधली. काब्रिनी-ग्रीनच्या उंच इमारती पाडल्या गेल्या, पण त्या वस्तीतील एका मुलाने रचलेली आगगाडी अजून धावते आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे स्वतःकडे पाहा. मराठी ही तुमची घरची भाषा नाही. वर्गात मराठी धडा वाचायला उभे राहिलात, की तुमच्यापैकी काहींचा आवाज बारीक होतो. शब्द अडतो. कोणी हसेल की काय, अशी भीती वाटते. आवाज बारीक असण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. म्हणायचे ते खरे असावे आणि ते आपले स्वतःचे असावे. सगळा धडा एका दमात वाचता आला नाही, तरी हरकत नाही. एक ओळ वाचा. थांबा. श्वास घ्या. मग दुसरी ओळ वाचा.